पिवळ्या गवताच्या बाजूनं

मीरा रोडला राहणाऱ्या बाईनं लॉनबद्दल ठाम मत बाळगावं, हे ऐकूनच लोक हसतात. आमच्याकडे मतं असतात ती पाणी कधी येणार यावर, किंवा विरार लोकलमध्ये चढलं तर मीरा रोडला उतरता येईल का, यावर. तरीही माझं लॉनबद्दल ठाम मत होतं आणि ते सोसायटीत सगळ्यांना पाठ होतं. आवारात जी काही मोकळी जमीन उरली आहे ती बारा महिने हिरवीगार राहिली पाहिजे, असं मी म्हणत असे. आज मी म्हणते, जानेवारीनंतर गवत पिवळं पडत असेल तर पडू द्या, मे महिन्यात दिसेनासं झालं तर होऊ द्या, त्याच्यावर पाइप धरू नका. ‘‘ताई, हे तुम्ही म्हणताय?’’ असं शेजारी विचारतात. त्यांना जिन्यात उभ्या उभ्या उत्तर देणं जमत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी जुन्या मताची बाजू मांडते, कारण ते अगदीच पोकळ नव्हतं. आम्ही गिरगावातली चाळ सोडून इथे आलो ते १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली झालेली होती, महानगरपालिका व्हायला २००२ उजाडायचं होतं. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांचं असलेलं हे शहर २०११ पर्यंत आठ लाखांवर गेलं. म्हणजे आमची उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या इमारती उभ्या राहताना बघण्यात गेली. एकीकडे मिठागरं, दुसरीकडे खाजण, आणि मधे भराव टाकून बांधलेल्या चाळवजा इमारती. पावसाळ्यात स्टेशनपर्यंत चिखल तुडवायचा. उन्हाळ्यात खिडकीच्या गजावर बोट फिरवलं की सिमेंटची भुकटी लागायची. फ्लॅट घेताना दाखवलेल्या माहितीपत्रकात मात्र इमारतीसमोर गुळगुळीत हिरवळ होती आणि तिच्यावर छत्रीखाली दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. ताबा मिळाला तेव्हा त्या जागी फुटक्या लाद्या पडलेल्या होत्या. दादर-पार्ल्याला नातेवाइकांकडे गेलं की ‘‘अगदी टोकाला गेलात हो,’’ हे वाक्य ठरलेलं. त्यामुळे मला ते चित्रातलं गवत हवं होतं. आपण शहराबाहेर फेकले गेलो नाही, हे त्या गवतानं पाहुण्यांना परस्पर सांगावं, अशी माझी अपेक्षा होती.

माळी ठेवण्याइतका निधी सोसायटीकडे नव्हता. मी आणि तळमजल्यावरच्या काही जणींनी काम अंगावर घेतलं. इमारतीमागे साधारण शंभर चौरस मीटरचा तुकडा आहे. कुदळ मारली की वीतभर खाली राबिटच निघायचं. विटांचे तुकडे, लाद्यांच्या चिपा, सिमेंटच्या गोण्यांच्या चिंध्या. त्याखाली काळा, चिकट, खारट गाळ. उन्हात वाळला की त्याच्यावर पांढरा पापुद्रा धरायचा. आम्ही ट्रकनं लाल माती मागवली. ती ब्रासच्या हिशोबानं येते. शेणखत मिसळलं, फळी ओढून सपाटी केली, घोडबंदर रस्त्यालगतच्या नर्सरीतून गवताचे चौकोनी तुकडे आणले, एकाला एक भिडवून बसवले आणि पायानं दाबले. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ पाणी. मग युरियाची चिमूट, मग हातानं ढकलायचं कापणीयंत्र. लव्हाळ्याची गाठ खोल असते, खुरपं घातलं की शेंडा हातात येतो आणि गाठ आतच राहते. त्या गाठींमागे माझ्या कित्येक दुपारी गेल्या. एवढं करून जे गवत आलं ते खरंच देखणं होतं, हे आजही मान्य करते.

मग मी पाटी रंगवली, ‘गवतावर चालू नये’. मुलांनी खेळायचं कुठे, असं एका आईनं विचारलं, तेव्हा तिला भाईंदरला जेसल पार्कच्या चौपाटीवर घेऊन जा म्हणून सांगायला मला काही वाटलं नव्हतं. आवारातली एकमेव मोकळी जमीन अशी फक्त गॅलरीतून बघायची झाली. सापडलेला चेंडू परत देताना मी मुलांकडून वचन घेत असे.

माझ्या मताला पहिला धक्का खजिनदारांनी दिला आणि त्याचा निसर्गप्रेमाशी काही संबंध नव्हता. खजिनदार मूळचे मारवाडातले, हिशोबाला पक्के. वार्षिक ताळेबंदात त्यांनी टँकरच्या खर्चातली काही रक्कम काढून ती ‘बागकाम’ या सदरात टाकली. मी तावातावानं भांडायला गेले. वहीवरची नजर न काढता ते म्हणाले, ‘‘मॅडम, घास को पानी दूँ या सातवें माले को?’’

घरी येऊन मी त्यांना खोटं ठरवायला हिशोब मांडला. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात गवत हिरवं ठेवायचं तर रोज चार-पाच मिलिमीटर पाणी लागतं. आमच्या तुकड्याला म्हणजे रोज चारशे ते पाचशे लिटर, तेही पाइपातून एक थेंब वाया गेला नाही असं धरून. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण माणशी रोज १३५ लिटर आहे. माझं गवत तीन-चार माणसांचं पाणी पीत होतं. दहा हजार लिटरचा टँकर त्याला जेमतेम तीन आठवडे पुरत होता. या शहराला स्वतःची नदी नाही की धरण नाही. उल्हास नदीचं पाणी स्टेम प्राधिकरणाकडून आणि एमआयडीसीकडून येतं, आणि पालघर जिल्ह्यातल्या सूर्या प्रकल्पाच्या पाण्याकडे गाव वर्षानुवर्षं डोळे लावून बसलेलं होतं. बोअरवेलचं पाणी घालून पाहिलं होतं. खाडी जवळ असल्यानं ते खारं, आणि त्यानं पात्यांची टोकं करपली. खजिनदारांचा आकडा बरोबर निघाला. तरी माझं मत बदललं नाही. मी एवढंच म्हटलं की ठीक आहे, पाणी परवडत नाही. परवडलं असतं तर घातलंच असतं.

पुढे एका उन्हाळ्यात पाणीकपात वाढली आणि समितीनं बागेचं पाणी बंद केलं. मी निषेधाचं पत्र दिलं, ते फाइलला लागलं. मे संपता संपता विकत आणलेलं गवत जुन्या चटईसारखं कडेनं उचलून येऊ लागलं. पावसाळा सुरू झाल्यावर नवे तुकडे बसवायचे असं मी मनाशी ठरवलं होतं. पण पहिले दोन-चार पाऊस झाले आणि मी बसवायच्या आधीच जमीन भरायला लागली.

सगळ्यात आधी आला टाकळा, मग आघाडा, एकदांडी, भुईआवळी, भिंतीच्या कडेला घोळ. कंपाउंडच्या फटीत वर्षानुवर्षं जिला मी खुरप्यानं हाकलत होते ती हरळी बाहेर पडून आडवी धावत सुटली. ती कशी पुढे जाते हे मी पहिल्यांदाच नीट वाकून पाहिलं. धावता दांडा जमिनीवरून सरकतो, त्याचं पेर मातीला टेकलं की तिथून पांढरी बारीक मुळं खाली जातात आणि वर तीन पात्यांचा कोवळा शेंडा उभा राहतो. मग पुढचं पेर. मधला दांडा तोडला तरी दोन्ही बाजूंचं काही अडत नाही. मातीखालून तिचे दुसरे दांडे जातात, टोकाला टणक आणि अणकुचीदार. पहार मारावी लागेल अशा राबिटातूनही ते वाट काढतात. उन्हाळाभर एक थेंब न मिळता हे सगळं खाली जिवंत होतं. गणपतीच्या आधी बाजारात जिची जुडी विकत घ्यायची ती दूर्वा म्हणजे हीच, आणि मी तिला तण म्हणून कचऱ्यात टाकत होते.

राई-मुर्ध्याकडून भाजी घेऊन येणाऱ्या एका बाईंनी गेटातून टाकळा पाहिला आणि खुडू का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, न्या, तेवढंच साफ होईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेशनबाहेर त्यांच्याच टोपलीतून मी टाकळ्याच्या दोन जुड्या पैसे देऊन घेतल्या. आमच्याच आवारातला असणार, हे घरी येऊन निवडताना लक्षात आलं. कांदा आणि भिजवलेली चणाडाळ घालून भाजी छान झाली. पैसे मोजून घेण्याजोगं काहीतरी त्या जमिनीनं पहिल्यांदाच दिलं होतं.

यानंतर मी वाचायला लागले. शोधायचं होतं ते एवढंच, की गवत बारा महिने हिरवं हवं हे मला शिकवलं कुणी. गवत कापायचं यंत्र एडविन बडिंग या माणसानं इंग्लंडमध्ये १८३० साली पेटंट केलं. त्याआधी तिथल्या मोठ्या जमीनदारांकडे माणसं विळ्या-कोयत्यांनी गवत कापत; यंत्रामुळे ती हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पण इंग्लंडात पाऊस वर्षभर थोडा थोडा पडत राहतो. तिथल्या गवताला हिरवं राहायला कुणाची मेहेरबानी लागत नाही. साहेब ती आवड घेऊन इथे आला, क्लब आणि जिमखाने झाले, आणि त्याचा पाऊस मात्र तिकडेच राहिला. अमेरिकेनं तर कहर केला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-चित्रांवरच्या एका अभ्यासात तिथल्या लॉनचं क्षेत्र १ लाख ६० हजार चौरस किलोमीटरच्या वर निघालं. अख्ख्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. त्याच देशातल्या नेवाडा राज्यानं २०२१ साली कायदा केला, की ज्या गवतावर कुणी खेळत-बागडत नाही असं शोभेचं गवत लास वेगासच्या परिसरातल्या रस्त्यांकडेला आणि संकुलांत २०२६ संपल्यानंतर कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर जगवायचं नाही. माझ्या पाटीसकटच्या गवताला तो कायदा तंतोतंत लागू पडला असता.

आमच्याकडे पाऊस चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर ओततो. आमच्या त्या तुकड्यावर एका पावसाळ्यात दोन लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. उरलेले आठ महिने जवळपास कोरडे. इथलं गवत या हिशोबानंच वागतं. जूनमध्ये उगवतं, नवरात्राच्या सुमाराला फुलोऱ्यावर येतं, बी टाकतं आणि दिवाळीनंतर वाळायला लागतं. ठाणे-पालघरच्या माळांवरचं गवत असं पिकलं की कापायचं, सुकवायचं, गठ्ठे बांधायचे आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचं, हा या भागातला जुना धंदा. त्या लोकांच्या लेखी गवत पिवळं होणं म्हणजे माल तयार होणं. आणि आपण सगळे हौसेनं बघायला जातो ते कासचं पठार घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे फुलांचे ताटवे असतात, म्हणून २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांत त्याचं नाव आहे. मे महिन्यात तिथे तापलेला जांभा आणि वाळकं गवत याशिवाय काही नसतं. त्या मेमध्ये कुणी तिथे पाइप नेला, तर सप्टेंबरातली फुलं उरणार नाहीत. हे कासला मान्य करणारी मी, मीरा रोडला ते मान्य करत नव्हते.

इथे माझं मत खऱ्या अर्थानं फिरलं. पाणी परवडत नाही ही अडचण होती. पण पाणी मुबलक असतं तरी ते घालू नये, हा विचार वेगळा, आणि तो मला उशिरा सुचला.

आता काम कमी झालेलं नाही, फक्त त्याचा मोसम बदलला आहे. पावसाळ्यात हरळी तीन बोटांपेक्षा खाली कापत नाही आणि कापलेलं तिथेच पसरते. युरिया बंद. जिथे सावलीमुळे हरळी येत नाही तिथे अडुळसा, गवती चहा, हळद आणि अनंत लावले आहेत. खाऱ्या गाळात माना टाकणारी शोभेची झाडं जाऊन कुंपणालगत भेंड, करंज आणि एक उंडी आली. किनाऱ्यावरचीच ही झाडं, त्यांना मिठाची सवय आहे. देशी बदामाची मोठमोठी लाल पानं पूर्वी गोण्यांत भरून जायची. शहराचा कचरा उत्तनला धावगी डोंगरावर जातो, तिथल्या आगी आणि दुर्गंधीबद्दल उत्तनचे लोक वर्षानुवर्षं ओरडताहेत. आता पानं जाळीच्या पिंपात साठवतो आणि उन्हाळ्यात मातीवर पसरतो. यात माझी अक्कल काही नाही. श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून पालापाचोळ्यातून माती घडवायला कधीच शिकवलं होतं. त्याच वाटेनं मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून बाग उभी केली. पुण्यात अदिती देवधर यांच्या ‘ब्राउन लीफ’नं २०१६ पासून ज्यांच्याकडे पानं आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत त्यांची गाठ घालून दिली. आम्ही तेवढंच एका इमारतीपुरतं करतो. आता विकतची लाल माती लागत नाही. ती कुठला तरी डोंगर खरवडून येत होती.

पाटी काढली. मुलं खेळतात, मधली जमीन उघडी पडते, जुलैत पुन्हा भरते.

तक्रारी येतात आणि त्यातल्या काही रास्त आहेत. पाचोळ्यात पहिल्या वर्षी घुशी झाल्या, कारण कुणीतरी त्यात शिळा भात टाकत होतं. आता पिंपावर झाकण आहे. उंच गवतात साप येतील ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. वाटेच्या दोन्ही बाजू आणि तळमजल्याच्या खिडक्यांखालचा पट्टा आखूड ठेवतो. कढीपत्त्याची आणि लिंबाची पानं अळ्या खातात. त्यांची फुलपाखरं होतात हे सांगितलं तरी चौथ्या मजल्यावरच्या काकूंना कढीपत्ता हवा असतो, फुलपाखरू नको असतं. गाजरगवत दिसलं की मी अजून उपटते. सगळं आपोआप येऊ द्या असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. ताज्या कापलेल्या गवताचा वास अजूनही आवडतो. आणि एप्रिलमध्ये माहेरची माणसं आली की पहिल्यांदा त्या पिवळ्या तुकड्याकडे बघून मला ओशाळल्यासारखं होतं, हेही खरं आहे.

या मताची परीक्षा आता आली आहे. समितीसमोर कृत्रिम गवताचा प्रस्ताव आहे. प्लॅस्टिकचं, बारा महिने हिरवं, पाणी शून्य, माळी शून्य. दलाल मार्च-एप्रिलमध्ये गिऱ्हाइकं आणतात तेव्हा उजाड दिसतं आणि फ्लॅटचा भाव पडतो, असा त्यामागचा युक्तिवाद. खजिनदार अनुकूल आहेत आणि त्यांचं चूक म्हणता येत नाही. त्यांचा मुद्दा पाण्याचा होता, तो यानं सुटतो. माझाही मुद्दा तेवढाच असता तर मी हात वर केला असता. भर दुपारी त्या प्लॅस्टिकवर तळवा टेकवत नाही इतकं ते तापतं, काही वर्षांत त्याचे धागे तुटून गटारात आणि खाडीत जातात, खालची माती घुसमटते, हे मी सभेत सांगणारच आहे. पण मनातलं कारण वेगळं आहे. त्या हिरव्याकडे बघून महिना कुठला चालू आहे ते कळत नाही. ज्या गावात भराव टाकून सगळं सपाट केलं, तिथे शंभर चौरस मीटरवर तरी पावसाळा आल्याचं आणि गेल्याचं जमिनीवर दिसावं, एवढंच माझं म्हणणं आहे. त्याची किंमत म्हणून पाच महिने पिवळं बघावं लागलं तर मी बघीन.

वार्षिक सभा नियमाप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत होईल. तेव्हा हरळी घोट्याइतकी आलेली असेल आणि सगळे गॅलरीतून बघून म्हणतील, छान तर आहे, प्लॅस्टिक कशाला? असा ठराव जिंकायला सोपा, पण पुढच्या एप्रिलमध्ये तो पुन्हा फिरेल. म्हणून मी मे महिन्यात त्या तुकड्याचे फोटो काढून ठेवले आहेत, अगदी भेगांसकट. सभेत ते आधी दाखवणार आहे आणि मगच मत मागणार आहे.